दार धरणारा

१

ज्या दाराला अजून बिजागरीच लागली नव्हती, त्या दारानं माझ्या भावाचा हात कसा काय धरून ठेवला होता?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हृदय बंद पडलं, फार त्रास झाला नसणार. मी हृदयाचं विचारलंच नव्हतं. शेजारच्या काकांना विचारलं. ते म्हणाले, पडणारा माणूस मिळेल ते धरतो, बाळा. पण दादानं दार धरलं नव्हतं, दारानं दादाला धरलं होतं. एवढा फरक काकांना समजावताना माझा आवाज इतका चढला की काकूंनी पाण्याचा पेला आणून माझ्या हातात दिला. वहिनीला विचारलं तेव्हा तिनं माझ्यापुढचं अर्धं जेवलेलं ताट उचललं आणि धुवायला घेऊन गेली.

मी फारसा शिकलेलो नाही. मी शाळा सोडली की शाळेनं मला, यावर घरात कधी एकमत झालं नाही. पण दारं मला कळतात. चौकटीच्या आत बसणाऱ्या दाराला चारी बाजूंनी नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवावी लागते, नाहीतर ते घासतं. असं दार बिजागरीशिवाय उभं केलं तर भिंतीला टेकलेल्या दारुड्यासारखं उभं राहतं. फुंकर मारली तरी अंगावर येतं.

ते दार अंगावर आलं नाही. दादा ओट्याखालच्या कपाटासमोर गुडघ्यांवर होता, कपाळ वरच्या ड्रॉवरला टेकलेलं, डावा हात मनगटापर्यंत फटीत. मी दार ओढलं. हललं नाही. चौकटीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढलं, तेव्हा ते एकदम सुटलं आणि मी दारासकट मागच्या भिंतीवर आदळलो.

अडकलेलं दार सुटताना कुरकुरतं. लाकूड लाकडाला घासतं, भुसा पडतो. यातलं काहीच झालं नाही. कुणीतरी पलीकडून हात काढून घ्यावा तसं ते सुटलं.

२

दादा कपाटं करायचा, लोकांच्या घरची. मी त्याच्या हाताखाली.

त्याचं डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट अर्धं होतं. करवतीनं नेलं होतं, मी कामाला लागायच्या आधी. बाकीचे कारागीर त्याला दीडबोट्या म्हणायचे आणि तो हाकेला ओ द्यायचा. "लोकांना दीड बोट फट ठेव म्हटलं की ते टेप शोधत बसतात," तो म्हणायचा. "माझा टेप अंगालाच आहे."

दार टांगणं हे दोन माणसांचं काम. एकानं दार धरायचं, दुसऱ्यानं स्क्रू पिळायचे. आमच्यात धरणारा मी. लोकांना वाटतं धरणं म्हणजे बिनडोक काम. तसं नाही. सगळं वजन तळव्यावर घ्यायचं, वरची कड आणि खालची कड एका रेषेत ठेवायची, आणि समोरच्यानं जोर लावला तरी केसभर हलायचं नाही. "तू आत्ता हललास तर हे दार जन्मभर हलेल, बारक्या," दादा म्हणायचा. "धर. सोडू नकोस." चांगला धरणारा असला की दार हवेत लटकल्यासारखं वाटतं.

दार लागलं की दादा परीक्षा घ्यायचा. डाव्या हाताची ती दीड बोटं फटीत ठेवायची आणि उजव्या हातानं दार ढकलून द्यायचं. घरमालकिणी किंचाळायच्या. साधी बिजागरी असेल तर दार धाडकन येऊन चावतं. पण मऊ बिजागरीच्या आत तेलाची बारीक नळी असते. ती शेवटचा टप्पा आपल्या अंगावर घेते. दार जोरात निघतं, मध्येच त्याला काहीतरी आठवल्यासारखं मंद होतं, आणि हलकेच येऊन टेकतं. दादा बोटं तशीच ठेवून मालकिणीकडे बघायचा. "दार बोटाला लागलं पाहिजे. चावलं नाही पाहिजे."

आई असताना सांगायची, लहानपणी मी दिसेल त्या दाराच्या फटीत हात घालायचो. दादा माझ्या मागे मागे फिरायचा आणि प्रत्येक दारात आधी आपली बोटं घालून ठेवायचा. तेव्हा ती पुरी दोन होती.

आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघराला मात्र वर्षानुवर्षं पडदे होते. "सुताराची बायको मी," वहिनी येईल त्याला ऐकवायची, "आणि माझ्या कपाटांना परकर नेसवलेत." बाहेरच्या खोलीतल्या एकुलत्या एका कपाटाचं दार तर असं आपटायचं की या घरात कुणाला राग आला ते आधी कपाटाला कळायचं. म्हणून दादानं शेवटी आमचा ओटा हातात घेतला तेव्हा तिनं एकच अट घातली: एकाही दाराचा आवाज नको.

सगळी दारं झाली. एक राहिलं, शेगडीच्या बाजूचं, सगळ्यात अरुंद. त्याच्या मागे घराचा खांब आहे, त्यामुळे ते कपाट आत जेमतेम वीतभर खोल. दादा म्हणाला, इथे नुसती फळी ठोकून टाकू. वहिनी म्हणाली, "मला तेवढंही हवंय. बाटल्या ठेवीन."

३

बाकीची दारं चौकटीवर बसणारी होती. त्यांना सरळ बिजागरी चालते. दोन दारांमध्ये एकच फळी असली तर अर्धी वाकडी. आणि दार चौकटीच्या आत बसवायचं तर पूर्ण वाकडी. शेवटचं दार आतलं होतं आणि पूर्ण वाकड्या आमच्याकडे नव्हत्या. दादानं मला दुकानात पिटाळलं.

"पूर्ण वाकडी?" दुकानदार म्हणाला. "तुझ्यासारखी?"

"काका, बिजागरी द्या. स्वभाव घरी आहे."

"साधी की मऊ?"

"मऊच. वहिनीला आवाज नकोय."

"अरे, मग दाराला कशाला लावता?" तो खोका खाली घेत म्हणाला. "दोन दादाच्या जबड्याला लाव. काम फत्ते."

मी हसलो. रस्ताभर हसत आलो. दादा कसा हसेल, कपाळाला हात लावून, खांदे हलवत, ते मला आधीच दिसत होतं. वहिनी वर गच्चीत कपडे वाळत घालत होती. मी चपला न काढताच आत शिरलो. "दादा, ऐक ना, तो काका काय म्हणाला..."

पुढचं सांगितलं आहे.

तो विनोद मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

४

माणसं येऊन गेली, घर रिकामं झालं. ते दार भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं, तोंड भिंतीकडे करून. तसं कुणी ठेवलं माहीत नाही. आणलेल्या बिजागऱ्या खोक्यातच पडून होत्या. मी कामावर जात नव्हतो. दुसऱ्या एका सुतारानं बोलावलं होतं, मी त्याला फोनवर नको ते बोललो. वहिनीच्या केसांना फणी नव्हती. ती एकच चहा दोनदा करायची आणि दोन्ही ओतून द्यायची.

एका सकाळी ती म्हणाली, "बारक्या, ते दार लाव. त्या कपाटानं तोंड उघडं टाकलंय. बघवत नाही मला."

"लावतो."

"आज."

"लावतो म्हटलं ना!" मी ओरडलो. तिच्यावर ओरडायची माझी हिंमत आधी कधी झाली नव्हती. ती पदरानं ओटा पुसत राहिली आणि त्यानंच मला रडू आलं.

बिजागरीच्या वाट्या बसायला दाराच्या मागे भोकं लागतात. ती दादानंच पाडून ठेवली होती, कडा अशा साफ की बोट फिरवावं. धरायला कुणी नव्हतं. मी दाराखाली लाकडाचे तुकडे लावले, वरून गुडघ्यानं रेटलं, आणि कसंबसं टांगलं. थोडं तिरकं झालं, ते स्क्रू फिरवून सरळ केलं. मग ढकललं.

दार निघालं, मंद झालं, आणि दोन बोटं अंतरावर थांबलं.

मी वाट बघितली. ते तिथेच. पुन्हा उघडून ढकललं, पुन्हा तिथेच. मी वाकून खाली सांडलेले स्क्रू वेचायला लागलो, आणि वर बघितलं तर दार लागलेलं होतं. आवाज आला नव्हता. अर्थात, आवाज येऊ नये म्हणूनच तर सगळा खटाटोप होता.

५

याला कारण असतं. हलक्या दाराला दोन मऊ बिजागऱ्या लावल्या तर नळीचा जोर जास्त होतो आणि दार रेंगाळतं. प्रत्येक बिजागरीत एक बारीक खटका असतो, त्यानं नळी बंद करता येते. मी वरची बंद केली. दार दोन बोटांवर थांबलं. खालचीही बंद केली. थांबलं.

दुकानात गेलो. दुकानदार या वेळी मला काही लावून बोलला नाही. मी यायच्या आधी तो गिऱ्हाइकाशी हसत होता, मला बघून त्याचं हसू गेलं. त्याचाही मला राग आला. "खटका बिघडला असेल," तो हळू म्हणाला. "दुसरी जोडी ने." नेली. तेच झालं.

मग मी साध्या आणून लावल्या. साध्या बिजागरीत नळी नसते, तेल नसतं, काही नसतं. नुसती स्प्रिंग. साधी बिजागरी दार ओढून घेते आणि आपटते, तिला दुसरं काही येतच नाही. मी दार सताड उघडलं आणि मुद्दाम जोरात ढकललं.

ते वेगानं निघालं. दोन बोटांवर आलं, आणि मंद झालं. थांबलं. मग मांजर खाली ठेवावं इतक्या हळू ते चौकटीला टेकलं.

मी तिथेच फरशीवर बसलो. मनात म्हटलं, हवा. कपाट लहान, फट बारीक, आतली हवा अडत असेल आणि दाराला रेटत असेल. हे मला पटत होतं. मी दार उघडून ढकललं, पुन्हा ढकललं, आणि हवा, हवा, असं म्हणत राहिलो. आणि मग, का ते माहीत नाही, तोंडातून निघून गेलं.

"दादा?"

या वेळी दार जास्त वेळ थांबलं.

मी तोंडावर हात दाबून रडलो. भीती नव्हती वाटली. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला तो गेल्यापासून वाटलंच नव्हतं. साध्या बिजागऱ्या मी तशाच राहू दिल्या. मऊ लावल्या असत्या तर दार कोण अडवतंय, तेल की तो, हे मला कळलं नसतं.

६

एका दुपारी बाहेरून आलो तर दुधाचा जळका वास घरभर. शेगडीवर पातेलं काळं पडलेलं, आणि खाली त्या कपाटाशेजारी वहिनी बसलेली. डोळे मिटलेले, उजवा हात मनगटापर्यंत दाराच्या फटीत. दार तिच्या मनगटावर टेकलेलं.

"वहिनी!"

"हळू," ती म्हणाली. "दचकेल."

मी शेगडी बंद केली. "कोण दचकेल?"

"कोण म्हणजे?" तिनं डोळे उघडले. केस विंचरलेले होते. "तू पण बोललास की त्याच्याशी. ऐकलं मी. दार लावून रडतोस, आणि वाटतं कुणाला कळत नाही."

मी तिच्याजवळ बसलो. "काय करतो तो?"

"आधी नुसता टेकायचा. आता धरतो."

"कसं?"

"असं." तिनं डाव्या मुठीत माझी दोन बोटं घेतली. घट्ट नाही, सैल नाही. दादा तिला रस्ता ओलांडताना असंच धरायचा, मी मागून पाहिलं आहे.

"आणि एक सांगू, बारक्या?" ती हसली. दवाखान्यातून बरी बातमी घेऊन आलेलं माणूस हसतं तशी. "त्याचं बोट बरं झालं. आता सगळी सारखी लागतात."

दाराच्या फटीतून गार असं काही येत नव्हतं. वास नव्हता. तरी मी तिच्या मुठीतून बोटं काढून घेतली.

"दादाचं बोट अर्धं होतं, वहिनी."

"होतं," ती म्हणाली.

"तुटलेलं बोट येत नाही परत."

"माणूसही येत नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. "आलाय ना?"

मी तिचं कोपर धरून हात बाहेर ओढला. लगेच आला. मनगटाला एका बाजूनं दाराच्या कडेचा लाल वळ होता आणि दुसऱ्या बाजूनं गोल गोल डाग, एका ओळीत. हे डाग मी आधी पाहिले होते. दादाचा हात पुसताना. तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, चौकटीचे असतील.

"थोडं चावतं," वहिनी मनगट चोळत म्हणाली. "तू त्या साध्या बिजागऱ्या लावल्यास ना, म्हणून. मऊ लाव पुन्हा."

मी अंगणात जाऊन तिच्या वडिलांना फोन केला. ते आयुष्यभर ट्रक चालवलेला माणूस, कमी बोलतात. मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, वहिनी जेवत नाही, तिला घेऊन जा.

"उद्या दुपारी गाडी घेऊन येतो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "तू जेवतोस का?"

मी फोन ठेवला.

७

त्याच संध्याकाळी मी ते दार काढलं. सगळे स्क्रू सोडवायचीही वाट बघितली नाही, दारातले अर्धे उपटूनच बिजागऱ्या काढल्या. वहिनी मागून माझ्या पाठीवर बुक्क्या मारत होती. "त्याला बाहेर टाकतोस? त्याच्याच घरातून त्याला बाहेर टाकतोस?" मग तिच्या हातातलं बळ संपलं आणि ती माझ्या पाठीला टेकून उभी राहिली. मी तसाच उभा राहिलो.

दार मी घरामागे नेऊन चिखलात आडवं टाकलं आणि वर एक दगड ठेवला. मोठा. उचलताना कंबरेत कळ आली.

परत येऊन उघड्या कपाटात हात घातला. बोटं लगेच मागच्या फळीला लागली, मनगट बाहेरच राहिलं. वीतभर. फळीवर ठोकलं तर भरीव आवाज आला, खांबाचा. कोपऱ्यात दादाच्या पेन्सिलीचं टोक पडलेलं होतं. दुसरं काही नाही. मी हात आतच ठेवून कितीतरी वेळ बसलो. कुणी धरला नाही.

मऊ बिजागऱ्यांची पहिली जोडी माझ्या खिशात होती. ती काढून ठेवायची राहून गेली.

८

दुसऱ्या दिवशी वहिनी शहाण्यासारखी वागली. पिशवी भरली, पातेलं घासून लख्ख केलं, माझ्यासाठी डब्यात काय काय आहे ते सांगितलं. "बाबांना म्हणावं, आज चहा मिळणार नाही. आल्या आल्या चहा मागतात, जसं काही हॉटेल आहे." मी हसलो. ती पण हसली. मला वाटलं, सुटलो.

दुपारी दारात हॉर्न वाजला. मी फाटक उघडायला गेलो. गल्ली अरुंद, गाडी वळवायला जागा नाही, म्हणून तिच्या वडिलांना मागे मागे घ्यायला मी हातानं खुणा करत होतो. या, या, बस. इतकाच वेळ मी बाहेर होतो.

"वहिनी, चल. बाबा आले."

स्वयंपाकघरात ते दार उभं होतं. चौकटीत. खालच्या दोन्ही कोपऱ्यांना ओला चिखल. वहिनी समोर गुडघ्यांवर, कपाळ वरच्या ड्रॉवरला टेकलेलं, तोंड पलीकडे. आणि उजवा हात फटीतून आत. मनगटापर्यंत नाही. खांद्यापर्यंत.

मी त्या कपाटाच्या फळ्या स्वतः कापल्या आहेत. मागे खांब आहे. मला पुन्हा पुन्हा तेवढंच सुचत होतं. मागे खांब आहे, मागे खांब आहे.

मी दार धरून ओढलं.

"नको," वहिनी म्हणाली. आवाज दमलेला होता. "ओढू नकोस. लागतंय रे."

मी चौकटीला पाय लावला. ती अशी किंचाळली की मी पाय काढला. बाहेर गाडीचं इंजिन चालूच होतं, ती किंकाळी कुणाला ऐकू गेली नसेल.

"दादा, सोड तिला," मी म्हटलं. "दादा, माझ्या गळ्याची शपथ आहे."

काही झालं नाही. गळ्याची शपथ दादानं कधी मोडली नव्हती.

मी फरशीवर बसलो. हत्यारांची पेटी बाजूलाच होती, दादा गेला त्या दिवसापासून कुणी हलवलीच नव्हती. हात आपोआप खिशात गेला. आणि मला दुसरं काहीच येत नाही म्हणून मी म्हटलं, "थांब. बिजागरी लावतो. मऊ लावतो."

दाराची दुसरी बाजू, बिजागरीची, चौकटीतून सुटली. हळूच बाहेर आली, माझा हात आत जाईल इतकी, आणि तिथे थांबली.

दार हवेत उभं होतं. वरची कड आणि खालची कड एका रेषेत. मी वाट्या त्याच भोकांत बसवल्या, स्क्रू पिळला, सगळा जोर लावून पिळला. दार केसभर हललं नाही. इतकी वर्षं मी दारं धरली. इतकं चांगलं मला कधी धरता आलं नाही.

धरणारा आत होता.

"धर," मी म्हटलं. माझं मलाच ऐकू आलं. "सोडू नकोस."

कपाटाच्या फळीवरच्या, बिजागरी अडकवायच्या पट्ट्या जागेवर होत्याच. बिजागऱ्या त्यांत सरकवल्या, शेवटचे स्क्रू आवळले. नळ्यांनी जोर घेतला की हाताला कळतं. आता दार बिजागरीवर होतं. मी वहिनीच्या दंडाच्या वर, फटीत, डाव्या हाताची दोन बोटं ठेवली. दार माझ्या बोटांवर आलं. टेकलं. आणि तिच्या दंडाभोवतीची फट ढिली झाली.

तिचा हात बाहेर आला. यायला फार वेळ लागला. कोपर, मनगट, आणि मग बोटं, एकेक करून, कुणीतरी मोजून परत केल्यासारखी. ती फरशीवर कलंडली आणि मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागली.

फटीतून मला आत दिसलं. मागची फळी नव्हती. पुऱ्या हाताच्या लांबीइतकं आत, जमिनीलगत, एक डावा हात होता. अंगठ्याजवळचं बोट अर्धं. नखांत अजून भुसा. त्या हातानं काही धरलेलं नव्हतं. त्यालाच मनगटाला धरलेलं होतं. धरणाऱ्याची मला फक्त बोटं दिसली. ती सगळी सारख्या लांबीची होती.

दादाचा हात माझ्या दिशेनं नको नको असा हलला.

बाहेरून तिच्या वडिलांनी हाक मारली. "अरे, निघताय ना?"

"वहिनी, जा," मी म्हटलं. "बाबा उभे आहेत."

ती भिंत धरून उठली. माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू?"

"तू हो पुढे. मी दार लावून येतो."

ती गेली. गाडीचं दार धाडकन लागल्याचं मला ऐकू आलं. कित्येक दिवसांत इतका चांगला आवाज मी ऐकला नव्हता. मग हॉर्न वाजला, माझ्यासाठी. थोड्या वेळानं पुन्हा वाजला.

लहानपणी प्रत्येक दारात माझ्या आधी दादाचा हात असायचा. मी गुडघ्यांवर नीट बसलो, ड्रॉवरला कपाळ टेकवलं, आणि बाकीची बोटंही आत घातली. मग तळवा, मग मनगट. जितका लांब जाईल तितका. त्याच्या हातापर्यंत पोहोचलो तेव्हा मी त्या सारख्या बोटांच्या खाली माझी बोटं सरकवली आणि त्याचं मनगट मोकळं केलं.

दार माझ्या हातावर आलं. टेकलं. चावलं नाही.